स्वीडिश शिव्यांतला सैतान आणि इंग्रजी शिव्यांतलं शरीर

पाय टेबलाला आपटला, बस डोळ्यांदेखत निघून गेली, जेवण झकास झालं किंवा शेवटच्या मिनिटाला गोल हुकला, की स्वीडिश माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो: फान. अर्थ सैतान. इंग्रजी बोलणारा या सगळ्या ठिकाणी 'फक' म्हणतो, त्याचा अर्थ संभोग. अर्थाच्या दृष्टीने या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी अनुभवी भाषांतरकार एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत ठेवतो, आणि ते बरोबरच असतं. शिवीचा शब्दकोशातला अर्थ वेगळा आणि तिचं वाक्यातलं काम वेगळं. या दोन भाषा शेजारी ठेवल्या की ही गोष्ट चटकन दिसते, कारण दोन्ही जर्मानिक कुळातल्या, दोन्ही मागे ख्रिस्ती चर्चच्या धाकात वाढलेल्या. पुढे एकीने सैतानाला धरून ठेवलं, दुसरी शरीराकडे वळली.

आधी स्वीडिश. रोजच्या वापरातल्या शिव्यांचा कणा चार शब्दांचा: फान, येव्लार, सातान आणि हेल्वेते. पहिले तिघेही सैतानच. 'फान' हा शब्द जुन्या फ्रिजियन भाषेतल्या (डचच्या नात्यातली भाषा) 'मोहात पाडणारा' अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात. 'येवेल' आणि त्याचं अनेकवचन 'येव्लार' हे ग्रीक 'दियाबोलोस'पासून लॅटिनमार्गे आलेले. इंग्रजी 'डेव्हिल'ही तिथलाच. 'सातान' मूळचा हिब्रूतला, तिथे अर्थ विरोधक. 'हेल्वेते' म्हणजे नरक, पण तो घडलाय जुन्या नॉर्स दैवतकथांतल्या मृतांच्या जगातून: 'हेल' म्हणजे ते जग (आणि त्याची स्वामिनी), 'वीती' म्हणजे शिक्षा. इंग्रजी 'हेल'चं मूळही तेच. म्हणजे ख्रिस्ती नरकाला नाव मिळालं ते ख्रिस्तपूर्व श्रद्धेतून.

लिखाणातली एक गंमत इथे नोंदवण्यासारखी आहे. चर्चच्या पुस्तकातला सैतान, म्हणजे 'येवेल', 'डी-जे'ने सुरू होतो, तोंडातली शिवी नुसत्या 'जे'ने. उच्चार दोन्हींचा 'य'च. पण लिहिणाऱ्याने 'डी' घातला की वाचणाऱ्याला कळतं, इथे धर्माविषयी बोलणं चाललंय. 'डी' गळला की कुणाचं तरी डोकं फिरलंय.

सैतानाचं नाव घेतलं की तो हजर होतो, ही समजूत स्वीडनच्या खेड्यांतून पक्की होती. लांडग्याचं नाव घेणंही टाळत, त्याला 'करड्या पायाचा' म्हणत. असे बदली शब्द स्वीडिशमध्ये ढिगाने आहेत, आणि ते कसे बनतात हे पाहिलं तर कारागिरी दिसते. पहिला आवाज जसाच्या तसा ठेवायचा आणि शेपूट बदलायचं. फानचं 'फासेन' किंवा 'फासिकेन', येव्लारचं 'येक्लार', हेल्वेतेचं 'हेल्सिके'. ऐनवेळी तोंडावर लगाम घालणाऱ्यांसाठी 'येर्नस्पीकार'ही आहे, म्हणजे लोखंडी खिळे! शिवी 'ये...' पर्यंत आलीच होती, शेवटच्या क्षणी खिळ्यांवर नेली. इंग्रजीत हेच तंत्र: डॅमचं 'डार्न', हेलचं 'हेक', शिटचं 'शूट', फकचं 'फज', गॉडचं 'गॉश', जीझसचं 'जीझ'. पहिला आवाज ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे. राग शब्दापेक्षा आधी जिभेवर येतो, आणि निघालेला आवाज परत घेता येत नाही.

स्वीडिशमध्ये आकड्यांच्याही शिव्या आहेत. 'शुत्तॉन' म्हणजे सतरा. 'फोर शुत्तॉन!' असं वैतागलेली आजी म्हणते तेव्हा ती काहीही मोजत नसते. 'तूसान' हजारावरून आला, मूळ शिवी 'हजार सैतान' अशी होती. सैतान गळून पडले, हजार उरले. 'अत्तान' अठराशी जोडलेला. हे सगळे आज इतके सौम्य आहेत की मुलांसमोर खुशाल चालतात.

आता व्याकरण, कारण परकी माणसं चुकतात ती इथेच. 'येव्ला' हे विशेषण कधीच बदलत नाही. स्वीडिशमध्ये विशेषणाला लिंग-वचनाप्रमाणे प्रत्यय लागतात, पण गाडी एक असो वा दहा, घर नपुंसकलिंगी असो वा नसो, येव्ला ते येव्लाच. ते नेहमी कशाच्या तरी आधी येतं: नामाआधी ('येव्ला बील', म्हणजे ही हलकट गाडी) किंवा विशेषणाआधी ('येव्ला ब्रा', म्हणजे भयंकर चांगलं). 'गाडी येव्ला आहे' असं वाक्य होऊ शकत नाही. तिथे 'येव्लिग' लागतं, आणि ते मात्र इतर विशेषणांसारखं बदलतं. 'फान'चं तंत्र आणखी वेगळं. तो वाक्याच्या सुरुवातीला उद्गार म्हणून येतो, प्रश्नार्थक शब्दाला चिकटतो ('व्हा फान?' म्हणजे काय रे हे?), आणि क्रियापदानंतर वाक्याच्या पोटातही घुसतो. 'मला फान माहीत नाही' अशा जागी बसलेला फान नकाराला धार देतो. यातला सर्वात अस्सल प्रकार म्हणजे नकार पुढे आणणं: 'इंते फान वेत याग', शब्दशः 'नाही सैतान जाणत मी', म्हणजे मला काय ठाऊक! ही रचना जमली की स्वीडिश ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक दिसतं. चुकली तर हसू.

शिव्या एकापुढे एक रचतानाही साधारण एक क्रम दिसतो. षष्ठीचा 'स' लागलेले शब्द आधी (हेल्वेतेस, सातान्स), मग येव्ला, आणि शेवटी नाम. उदाहरणार्थ, 'हेल्वेतेस येव्ला शीत'.

यातलं 'शीत' म्हणजे विष्ठा. लिहितात 'एस-के-आय-टी', पण 'आय'च्या आधी आलेला 'एस-के' हा घशातून निघणाऱ्या 'श'सारखा उच्चारतात. हा शब्द इंग्रजी 'शिट'चा सख्खा भाऊ, मात्र स्वभावाने मवाळ. स्वीडिशमध्ये तो उपसर्गासारखा वापरतात: 'शीतब्रा' म्हणजे जाम भारी, 'शीतगूद' म्हणजे अफाट चविष्ट. शब्दशः अर्थ लावत बसलात तर घास खाली उतरायचा नाही. याच साच्यातला 'स्वीन' (डुक्कर) थंडीला लावतात आणि 'आस' (कुजकं मढं) जवळजवळ कशालाही. हे शब्द पुढच्या विशेषणाला जोडूनच लिहायचे. तोडून लिहिले तर वाचणाऱ्याला खरोखरचं डुक्कर दिसतं.

सैतान कौतुकालाही येतो. 'येव्लार अनम्मा' ही मूळची शपथ, 'सैतानांनी न्यावं' अशा अर्थाची. आज तिचा अर्थ जिद्द, ईर्ष्या. एखाद्या खेळाडूत 'येव्लार अनम्मा आहे' असं क्रीडा समालोचक म्हणतो ते निखळ कौतुक असतं. आणि कुणाला हाकलून द्यायचं तर 'द्रा ऑत हेल्वेते', नरकात जा. सौम्य हवं असेल तर 'जंगलात जा'. आणखी एक सुरेख पर्याय आहे, 'जिथे मिरी पिकते तिथे जा'. मिरी पिकत होती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तिथे.

लैंगिक शब्द स्वीडिशमध्ये नाहीत असं नाही. स्त्रीच्या अवयवासाठी 'फित्ता', पुरुषाच्या अवयवासाठी 'कूक', वेश्येसाठी 'हूरा' (इंग्रजी 'होअर' हाच शब्द, त्यातला न उच्चारला जाणारा 'डब्ल्यू' नंतर चिकटलेला). पण हे माणसाला उद्देशून वापरायचे शब्द आहेत, अपमानासाठी. टेबलाला पाय आपटल्यावर ते कुणी म्हणत नाही. संभोगासाठीचा रांगडा शब्द 'क्नुल्ला' तर शिवी म्हणून जवळपास निरुपयोगी. त्याचा अर्थ जो आहे तोच, आणि 'फक यू'चं शब्दशः भाषांतर म्हणून तो वापरला तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

इंग्रजी कधीकाळी स्वीडिशसारखीच होती, किंबहुना जास्तच धार्मिक. मध्ययुगात खरी भयंकर शिवी म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराची शपथ: देवाच्या जखमा, देवाचं रक्त, देवाची हाडं. 'झाउंड्स' हा आज विनोदी वाटणारा शब्द 'गॉड्स वून्ड्स'चा अवशेष आहे. शंभर वर्षांच्या युद्धात फ्रेंच लोक इंग्रज सैनिकांना 'गोदों' म्हणत. दर वाक्यात 'गॉडडॅम' म्हणणाऱ्यांना दुसरं काय म्हणणार? 1606 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने रंगभूमीवर देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव टवाळीने घेतलं तर 10 पौंड दंडाचा कायदा केला. 1745 च्या कायद्यात तर अशा शपथेच्या दंडाचा दर माणसाच्या पायरीवर ठरला होता: मजूर, सैनिक, खलाशी असेल तर 1 शिलिंग, त्याहून वर पण सभ्य गृहस्थांच्या पंक्तीत न बसणारा असेल तर 2, आणि सभ्य गृहस्थ वा त्याहून वरचा असेल तर 5. हा कायदा 1967 पर्यंत पुस्तकात होता. स्वीडनच्या 1734 च्या संहितेतही शपथा आणि रविवारची पायमल्ली यांवर एक प्रकरण होतं.

त्या काळात शरीराचे शब्द मात्र उघड्यावर होते. तेराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये 'ग्रोपकंट लेन' नावाचा रस्ता होता, आणि इंग्लंडच्या इतर शहरांतही. 'ग्रोप' म्हणजे चाचपणं, 'कंट' म्हणजे स्त्रीचा अवयव; तिथला धंदा नावातच लिहिलेला. ऑक्सफर्डच्या त्या गल्लीला आता मॅगपाय लेन म्हणतात. 1611 च्या अधिकृत बायबलमध्ये 'भिंतीवर मुतणारा' अशा अर्थाने 'पिस' हे क्रियापद सरळ छापलंय. एका लहान ससाण्याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'विंडफकर' म्हणत. वाऱ्यावर एका जागी पंख फडफडवत राहतो म्हणून.

'फक'ची जन्मकथा सांगणाऱ्या बऱ्याच कहाण्या खोट्या आहेत. राजाच्या परवानगीने व्यभिचार करण्याच्या पाटीची आद्याक्षरं, ही सर्वात लोकप्रिय. 'शिट' म्हणजे जहाजात खताची पोती वर ठेवण्याची सूचना, ही तिची धाकटी बहीण. ओळखायची खूण सोपी: आद्याक्षरं जुळवून शब्द बनवण्याची सवय विसाव्या शतकातली, त्यामुळे कुठल्याही जुन्या शब्दाची अशी व्युत्पत्ती कुणी सांगितली तर ती थाप समजावी. फक हा जर्मानिक शब्द आहे. डचमध्ये 'फोक्केन' म्हणजे जनावरांची पैदास करणं, आणि स्वीडिश बोलींत 'फोक्का' हे क्रियापद संभोग आणि ठोसा या दोन्ही अर्थांनी होतं. म्हणजे स्वीडिशकडेही हा शब्द होता, तिने तो बोलीतच ठेवला. इंग्रजीतली सर्वात जुनी ठाम नोंद 1310 ची, चेस्टरच्या न्यायालयाच्या दफ्तरात: आरोपीचं नाव 'रॉजर फकबायदनेव्हल'. बेंबी आणि बाकीचा भूगोल यांत ज्याची गल्लत झाली अशा माणसाचं हे चिडवायचं टोपणनाव, आणि कारकुनाने ते निर्विकारपणे लिहून ठेवलंय.

त्याहून बोलकी नोंद 1528 ची आहे. रोमन वक्ता सिसेरो याच्या एका हस्तलिखिताच्या समासात कुणीतरी मठाधिपतीवर राग काढलाय: 'ओ डी फकिन अ‍ॅबट'. सुटा 'डी' म्हणजे 'डॅम्ड' (नरकात घातलेला) असा अंदाज आहे. तो बरोबर असेल तर लिहिणाऱ्याने 'फकिन' पूर्ण लिहिलं आणि 'डॅम्ड' मात्र झाकलं. त्याला कशाची भीती वाटत होती ते एका अक्षरात कळतं. पुढच्या तीनशे वर्षांत हे उलटं झालं. धर्माचा धाक ओसरत गेला, शरीर झाकण्याची सभ्यता वाढत गेली, आणि एकोणिसाव्या शतकात तर फक आणि कंट हे शब्द छापील कोशांतून जवळजवळ गायब झाले. ऑक्सफर्डच्या महाकोशात ते आले 1972 च्या पुरवणीत.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वात रंजक भाग पुढचा आहे. शब्द बदलले, पण वाक्यातल्या जागा बदलल्या नाहीत. 'व्हॉट द डेव्हिल' होतं, त्याचं 'व्हॉट द हेल' झालं, त्याचं 'व्हॉट द फक'. शेवटच्या रूपात तो 'द' कशासाठी आहे हे व्याकरणाने सांगता येत नाही. सैतानाला लागलेला 'द' तिथे नुसता राहून गेलाय. 'डॅम यू'मध्ये कर्ता देव आहे, देव तुला नरकात घालो. 'फक यू' त्याच साच्यात ओतलेलं. ती आज्ञा नाही हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉली यांनी 1970 च्या सुमारास टोपणनावाने लिहिलेल्या एका मिस्कील लेखात दाखवून दिलं: आज्ञा असती तर इंग्रजीच्या नियमाने 'यू'च्या जागी 'युअरसेल्फ' यायला हवं होतं. म्हणजे इंग्रजीत फकने सैतानाची जागा घेतली, स्वीडिशमध्ये ती जागा मूळ मालकाकडेच राहिली. 'व्हा फान' आणि 'व्हॉट द फक' एकमेकांचं अचूक भाषांतर ठरतात ते यामुळे.

इंग्रजीने फककडून एक काम करून घेतलंय जे स्वीडिश फानला जमत नाही, ते म्हणजे शब्दाच्या मधोमध घुसणं. 'अ‍ॅब्सो-फकिंग-लूटली', 'फॅन-फकिंग-टॅस्टिक'. जागा मनमानी नाही. ज्या अक्षरावर मुख्य आघात आहे त्याच्या लगेच आधी. 'अ‍ॅब-फकिंग-सोलूटली' म्हणून पाहा, जीभच अडखळते. आणि ज्या शब्दाचा आघात पहिल्याच अक्षरावर आहे त्यात शिवी घुसवणं अवघड. तिला शब्दाबाहेरच उभं राहावं लागतं.

वजनाचा हिशेब देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमच्या वर्गवारीत डॅम आणि ब्लडी सौम्य, शिट मध्यम, फक आणि कंट सर्वात जड; त्यांना रात्री 9 च्या आधी टीव्हीवर जागा नाही. 'ब्लडी' आता इतकं मवाळ वाटतं, पण 1914 मध्ये लंडनच्या रंगमंचावर बर्नार्ड शॉच्या 'पिग्मेलियन' नाटकात तो उच्चारला गेला तेव्हा केवढी खळबळ माजली होती. अमेरिकेत कंट हा स्त्रीसाठीचा अत्यंत जहरी अपमान. ऑस्ट्रेलियात मित्र मित्राला म्हणतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये जाकिटावर 'फक द ड्राफ्ट' (ड्राफ्ट म्हणजे सक्तीची लष्करभरती) लिहून न्यायालयाच्या इमारतीत फिरणाऱ्या तरुणाची शिक्षा 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केली, आणि त्याच न्यायालयाने 1978 मध्ये रेडिओवर दिवसाढवळ्या अशा शब्दांना आवर घालण्याचा नियामकाचा अधिकारही 5 विरुद्ध 4 नेच मान्य केला.

शिवी दिल्याने वेदना सोसण्याची ताकद वाढते, हे ब्रिटनच्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये दाखवलं. पद्धत सोपी: बर्फगार पाण्यात हात, एकदा शिवी घोकत, एकदा साधा शब्द घोकत. शिवी देताना हात जास्त वेळ टिकला. पुढे त्यांनी बनावट शिव्याही करून पाहिल्या, त्यांचा वेदनेवर काही उपयोग झाला नाही. रोज भरपूर शिव्या देणाऱ्यांना फायदा कमी होतो हेही निघालं. तेव्हा शिवी जपून वापरण्याला निदान एक वैद्यकीय कारण आहे.

परक्या भाषेतली शिवी मात्र जिभेला हलकी लागते. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले ज्याँ-मार्क देवाले यांच्या बहुभाषिकांवरच्या अभ्यासात हेच वारंवार दिसतं: मातृभाषेतली शिवी जड वाटते, नंतर शिकलेली पोकळ. स्वीडिश माणूस इंग्रजी बोलताना घसरतो तो नेमका इथे. त्याच्या भाषेत 'शिट' आणि 'फक' हे उसने, आश्चर्याचे सौम्य उद्गार आहेत; 'फक्का ऊप' असं स्वीडिश प्रत्यय लावलेलं क्रियापदही झालंय. तो ब्रिटिश किंवा अमेरिकी ग्राहकासमोर त्याच सहजतेने ते बोलून जातो आणि समोरचा गप्प होतो. उलट बाजूने इंग्रजी माणूस 'सैतान म्हणजे काय, डेव्हिलच की' असं समजून नव्या वरिष्ठांसमोर 'सातान्स येव्ला' म्हणतो, आणि ते डेव्हिलच्या कितीतरी पट जड पडतं. व्यवहारातला हिशेब असा ठेवावा: 'फकिंग' नामाआधी आलं तर येव्ला, 'फक यू'ला द्रा ऑत हेल्वेते, वैतागाच्या 'शिट'ला फान किंवा शीत. 'सन ऑफ अ बिच'मधल्या आईला आणि कुत्रीला दोघींनाही सोडून द्यावं, 'येवेल' पुरतो. उपशीर्षकं लिहिणारे याहूनही एक पायरी खाली उतरतात, कारण कानावर आलेल्या शिवीपेक्षा पडद्यावर अक्षरांत दिसलेली शिवी जास्त टोचते.

राहिल्या निरपराध पाट्या. स्वीडनमध्ये 'स्लट' असं लिहिलेलं दिसलं तर उच्चार स्लूत, अर्थ शेवट. मेट्रोतलं 'स्लूतस्ताशून' म्हणजे शेवटचं स्थानक. 'फार्ट' म्हणजे वेग, 'इनफार्ट' गाड्या आत जाण्याचा रस्ता, 'ऊतफार्ट' बाहेर पडण्याचा, आणि 'फार्तिग' म्हणजे जहाज. 'कॉक्क' आचारी, 'फाक्क' कामगार संघटना. यातला एकही शब्द शिवी नाही.